काउबचं पाणी

जर्मनीत उन्हाळा कोरडा गेला की एक बातमी ठरलेली असते : ऱ्हाइन नदीवरच्या काउब गावात पाण्याची पातळी ४० सेंटिमीटरवर आली. वाचणाऱ्याला वाटतं, आता नदी चालत ओलांडता येत असेल. तसं अजिबात नसतं. त्या दिवशीही जहाजांच्या वाटेत दीड मीटर पाणी असतं. हा ४० चा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. तो कुठून येतो आणि अख्ख्या ऱ्हाइनवर याच गावाचा आकडा का पाहतात, हे कळलं की गावाचा हजार वर्षांचा इतिहास आपोआप उलगडत जातो.

आधी जागा नीट समजून घेऊ. ऱ्हाइनचे किलोमीटर कॉन्स्टान्झच्या पुलापासून मोजतात, आणि काउब ५४६ व्या किलोमीटरवर, उजव्या काठावर आहे. बिंगेनपासून प्रवाहाबरोबर खाली सोळा-सतरा किलोमीटर. तिथून कोब्लेंझ आणखी ४५ किलोमीटर. कागदोपत्री हे शहर आहे, कारण बादशहा लुडविग बव्हेरियन याने १३२४ साली त्याला शहराचे हक्क दिले. प्रत्यक्षात वस्ती हजाराच्या आत. मागे उभा डोंगर, पुढे नदी आणि मधल्या पट्टीत एकामागे एक रस्ता, रेल्वेचे रूळ, गावाचा जुना तट आणि घरं. गाव वाढायचं म्हटलं तरी वाढणार कुठे? लांबीला थोडं, रुंदीला नाहीच.

ही अडचण खडकाने केलेली. बिंगेनपासून कोब्लेंझपर्यंत नदी पाटीच्या दगडाचे डोंगर कापत जाते. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ दाबला जाऊन हा दगड झाला. मध्येमध्ये त्याहून कठीण क्वार्टझाइटचे पट्टे आहेत. डोंगर हळूहळू वर उचलले जात होते तेव्हा नदी आधीपासून तिथे होतीच, ती आपली जागा न सोडता खाली कापत राहिली. म्हणून दरी अरुंद, काठ उभे आणि पात्राच्या तळाशी बऱ्याच ठिकाणी वाळूऐवजी थेट खडक. वाळूगोट्यांचा तळ उपसून खोल करता येतो. खडकाला सुरुंग लावावा लागतो किंवा तो फोडून काढावा लागतो, आणि तो लावला तरी एक पंचाईत उरते : एका जागी पात्र खोल केलं की वरच्या अंगाचं पाणी तिकडे ओढलं जाऊन तिथली पातळी उतरते. एक उथळ जागा सुधारायला जावं तर तिच्या वर दुसरी तयार होते. म्हणून इथे खोदकामाबरोबर पाणी अडवून मधल्या वाटेत ढकलणारे दगडी बांध घालावे लागतात.

दुसरं कारण उपनद्यांचं. नेकार, माइन आणि नाहे या तिन्ही काउबच्या वर मिळतात, पण मोझेल मिळते ती खाली, कोब्लेंझला. तिथून पुढे पाणी वाढतं. वरच्या अंगाला इफेत्सहाइमपर्यंत नदीवर बंधारे आणि जलपाश (जहाजं चढवायचे-उतरवायचे लॉक) आहेत, तिथे पातळी हातात ठेवता येते. इफेत्सहाइमपासून समुद्रापर्यंत मात्र ऱ्हाइन मोकळी वाहते. म्हणजे बंधाऱ्यांचा आधार संपलेला, मोझेलचं पाणी अजून यायचं आहे आणि तळ खडकाचा. या तिन्ही गोष्टी बिंगेन ते सांक्ट गोआर या टप्प्यात एकत्र येतात. सरकार जहाजांच्या वाटेची जी किमान खोली राखतं, ती वरच्या अंगाला बुडेनहाइमपर्यंत आणि खाली सांक्ट गोआरपासून पुढे किमान २.१० मीटर आहे. मधल्या वाटेत मात्र १.९०. ऱ्हाइनवरच्या जहाजांना सर्वांत जास्त अडवणारे ते हे वीस सेंटिमीटर.

आता तो आकडा. काठावरच्या मोजपट्टीचं शून्य हे नदीच्या तळाशी नाही, ते ठरवून घेतलेल्या एका उंचीवर आहे. त्याच्या वर किती पाणी, ते पट्टी सांगते. खोली काढायला दुसरा आकडा लागतो, तो म्हणजे ‘समतुल्य नीचतम पातळी’. अनेक वर्षांच्या सरासरीने, बर्फ नसलेल्या दिवसांपैकी वर्षाला फक्त वीसेक दिवस पाणी ज्याच्या खाली जातं, ती ही पातळी. दर दहाएक वर्षांनी ती नव्याने काढतात. काउबला ती ७८ सेंटिमीटरच्या आसपास आहे, आणि वाटेतली १.९० मीटर खोली याच पातळीला धरलेली आहे. १९० मधून ७८ गेले, उरले ११२. तेव्हा काउबच्या आकड्यात ११२ मिळवले की जहाजाच्या वाटेतली खोली मिळते. पट्टीवर ४० तर वाटेत १५२. पट्टीवर १५० तर २६२. हिशेब इतकाच.

यात नवखा माणूस एक चूक हमखास करतो. त्याला वाटतं, सर्वांत उथळ जागा काउबच्या धक्क्यासमोर असणार. पट्टी तिथे आहे, उथळ जागा टप्पाभर पसरलेल्या आहेत : वर लोर्ख आणि बाखाराखच्या बेटांजवळ, खाली ओबरवेझेलजवळ युंगफर्नग्रुंड नावाच्या गोट्यांच्या थरावर. काउबची पट्टी या सगळ्यांची प्रतिनिधी. खोली कमीत कमी किती, हे ती सांगते. ती कुठे आहे, हे नाही.

कप्तानाला अर्थात कारखान्याच्या गोदीतच ठरवावं लागतं, किती माल भरायचा. रॉटरडॅमहून लुडविग्सहाफेनला निघालेलं जहाज काउबला पोचेपर्यंत दोन-तीन दिवस जातात. तेव्हा आजचा आकडा पुरत नाही, परवाचा लागतो. सरकारी जलमार्ग सेवेच्या संकेतस्थळावर पातळी दर पंधरा मिनिटांनी बदलते, आणि पुढच्या दिवसांचा अंदाजही मिळतो. हिशेब असा चालतो. अंदाज १५० चा आहे, तर वाट २६२ सेंटिमीटर खोल. तळाखाली ३० सेंटिमीटर पाणी राखायचं, म्हणजे जहाज २३२ सेंटिमीटर बुडवता येईल. ११० मीटर लांब आणि ११.४५ मीटर रुंद अशा ऱ्हाइनवरच्या नेहमीच्या जहाजात एक सेंटिमीटर बुडाव म्हणजे साधारण ११ ते १२ टन माल. पातळी दहा सेंटिमीटर उतरली की ११० ते १२० टन माल धक्क्यावरच राहिला, म्हणजे चार-पाच ट्रक. पूर्ण भरायचं तर काउबला अडीच मीटर लागतात. ७८ वर जहाजात जेमतेम तिसरा हिस्सा जातो. ४० च्या खाली बहुतेकांना तेलाचा खर्चही निघत नाही, रिकामं जहाजच मीटरभर बुडालेलं असतं. ४० हा आकडा बातमीत येतो तो यामुळे. नदी त्या दिवशी बंद होत नाही. पाणी कमी म्हणून ऱ्हाइनवर वाहतूक बंद करत नाहीत, जायचं की नाही हे कप्तानाच्या जबाबदारीवर सोडतात. पुराचं उलटं आहे. काउबला पाणी ४.६० मीटरवर गेलं की वेग आणि वाट यांवर बंधनं येतात, आणि ६.४० वर वाहतूक थांबते.

तळाखालचे ३० सेंटिमीटर कमी का करत नाहीत? उथळ पाण्यात जहाज वेगाने गेलं की त्याच्या खालचं पाणी पळतं, दाब कमी होतो आणि जहाज आपोआप आणखी खाली बसतं. उभं असताना मोकळं वाटणारं जहाज चालू लागलं की घासतं. तळ गोट्यांचा असला तर रुतून बसतं, बाहेर ओढता येतं. खडकाचा असला तर पत्रा फाटतो.

पाणी कमी झालं की भाड्यावर अधिभार लागतो. अनेक करारांत तो काउबच्या १५० पासून सुरू होऊन पायरीपायरीने चढतो, आणि ठरावीक आकड्याखाली माल नेण्याचं बंधनच उरत नाही. म्हणजे हजाराच्या आत वस्तीच्या गावातली मोजपट्टी पेट्रोल, कोळसा आणि रसायनांच्या भावात शिरते. ऑक्टोबर २०१८ मध्ये काउब २५ सेंटिमीटरवर गेलं, मोजणी सुरू झाल्यापासूनचा तो नीचांक. ऑगस्ट २०२२ मध्ये ते पुन्हा तिशीच्या आसपास होतं. एरवी हे दिवस शरद ऋतूत येतात : आल्प्सचं बर्फ वितळून येणारं पाणी जुलैनंतर ओसरतं आणि पाऊस-थंडीचं पाणी अजून यायचं असतं. ऑगस्टमध्येच अशी पातळी येणं म्हणूनच लोकांना खटकलं. लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ या रसायनांच्या कारखान्याने २०१८ चा धडा घेऊन खास उथळ पाण्याचं टँकर जहाज बांधून घेतलं. १३५ मीटर लांब आणि तब्बल १७.५ मीटर रुंद. रुंदी वाढवली की तेवढंच वजन कमी बुडावात तरतं. काउब ३० वर असतानाही ते ८०० टन घेऊन जातं. बिंगेनच्या वरच्या बुडेनहाइमपासून सांक्ट गोआरपर्यंतची वाट वीस सेंटिमीटर खोल करण्याची योजनाही केंद्राच्या वाहतूक आराखड्यात आहे. पाच-सहा उथळ जागाच सुधारायच्या आहेत, पण संरक्षित दरी, मासे, पाण्याचा कल हे सगळं सांभाळून. त्यामुळे ती कागदावरच फार दिवस रेंगाळली आहे.

अडवणुकीचा हा धंदा काउबला नवा नाही. नदी अरुंद, प्रवाह वेगवान, खडक दोन्ही बाजूंना, म्हणजे जहाजाला हळू आणि ठरल्या वाटेनेच जावं लागणार. जकात घ्यायला याहून सोयीची जागा कुठली? ऱ्हाइनकाठच्या फाल्त्स संस्थानाच्या घराण्याने १२७७ साली काउब आणि वरचा किल्ला विकत घेतला, तो या जकातीसाठी. लुडविग बव्हेरियनने १३२६-२७ मध्ये नदीच्या मधोमध, फाल्केनाऊ नावाच्या खडकाळ बेटावर, पाचकोनी बुरूज उभारला. पोप जॉन बाविसावा आधीच त्याच्यावर खवळलेला होता, त्याने १३२७ मध्ये या जकातीचा निषेध केला. बुरूज हलला नाही. उलट पुढच्या बारा-तेरा वर्षांत भोवती सहाकोनी तटबंदी चढली. हाच फाल्त्सग्राफेनश्टाइन.

काठावरून पाहिलं तर तो नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजासारखा दिसतो, आणि हे नुसतं देखणेपण नाही. प्रवाह येतो त्या दक्षिणेच्या बाजूला त्याला टोक आहे. हिवाळ्यात नदीतून बर्फाचे तुकडे वाहत येत, ते या टोकावर आपटून दोन्ही बाजूंना फुटत आणि निघून जात. सपाट भिंत असती तर बर्फ साचून ढीग झाला असता. १६०७ मध्ये त्या टोकाला तोफांचा बुरूज जोडला. बुरुजावरची कांद्यासारखी टोपी १७१४ ची. किल्ला कधी पडला नाही, कधी जाळला गेला नाही. ऱ्हाइनवरचे बाकीचे बहुतेक किल्ले एकतर पडीक राहिले किंवा एकोणिसाव्या शतकात हौसेने पुन्हा बांधले गेले, त्यामुळे हा पाहण्यासारखा. जकात थेट १८६६ पर्यंत चालली. त्या वर्षी प्रशियाने नासाऊ संस्थान गिळलं आणि काउबचं नाकं उठलं. दोन वर्षांनी, १८६८ मध्ये, मानहाइमच्या करारानेही ऱ्हाइनवर वाहतुकीची जकात बंद केली.

वरचा किल्ला म्हणजे गुटेनफेल्स. १५०४ साली हेसेनच्या विल्हेल्मने त्याला ३९ दिवस वेढा घातला आणि हात हलवत परत गेला. ‘भला खडक’ अशा अर्थाचं हे नाव त्यानंतरचं. तो खाजगी मालकीचा आहे. पाहायचा तो खालूनच.

बेटाचा सर्वांत मोठा उपयोग जकातीला नव्हे, फौजेला झाला. १८१३ च्या अखेरीस नेपोलियन मागे हटला होता आणि ऱ्हाइनचा डावा काठ फ्रान्सच्या ताब्यात होता. प्रशियाचा सेनापती ब्ल्युशर काठावर आला. फ्रेंचांचं लक्ष मोठ्या शहरांकडे, विशेषतः माइन्झकडे होतं. काउबसारख्या आडजागी डोंगरातून तोफा उतरवून कोणी नदी ओलांडेल असं त्यांना वाटलं नाही. त्यातून काउबला पूल दोन छोट्या तुकड्यांत करता येतो, कारण मध्ये बेट आहे : एक तुकडा काठापासून बेटापर्यंत, दुसरा बेटापासून पलीकडे. १ जानेवारी १८१४ च्या पहाटेच्या अंधारात पहिल्या तुकड्या स्थानिक नावाड्यांच्या होड्यांतून पलीकडे गेल्या. मागोमाग रशियन कारागिरांनी तरंगता पूल टाकायला घेतला. त्यांच्या पुलाच्या होड्या लाकडी सांगाड्यावर डांबर लावलेलं कापड ताणून केलेल्या होत्या. गाडीवर घालून डोंगरातून आणायला हलक्या, पण ऱ्हाइनच्या ओढीला कच्च्या. बेटापर्यंतचा तुकडा टिकला. पलीकडचा प्रवाहाने तोडला, आणि तो नीट करेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. मग पाचेक दिवसांत सुमारे ५०,००० माणसं आणि १५,००० घोडे तोफांसकट पलीकडे गेले. गावातल्या ज्या खानावळीत ब्ल्युशर उतरला होता तिथे आता त्याचं संग्रहालय आहे. नदीकाठी त्याचा पुतळा आहे, १८९४ चा.

अरुंदपणाने केलेली आणखी एक गंमत पहिल्या महायुद्धानंतरची. जर्मनी हरली, ऱ्हाइनच्या उजव्या काठावर दोस्तांनी पुलांच्या संरक्षणासाठी अर्धवर्तुळं आखली : अमेरिकनांचं कोब्लेंझभोवती, फ्रेंचांचं माइन्झभोवती, त्रिज्या दोन्हींची ३० किलोमीटर. कंपास नकाशावर फिरवला, पण वर्तुळं एकमेकांना टेकली नाहीत. मधे एक चिंचोळी पट्टी उरली, जी कोणाच्याच ताब्यात नाही. नकाशावर तिचा आकार बाटलीच्या गळ्यासारखा, आणि सर्वांत अरुंद जागी रुंदी किलोमीटरहूनही कमी. काउब आणि लोर्ख त्यात अडकले. १० जानेवारी १९१९ पासून २५ फेब्रुवारी १९२३ पर्यंत लोकांनी त्याला ‘बाटलीगळा मुक्त राज्य’ म्हटलं. राजधानी लोर्ख. ऐकायला मजेशीर वाटतं, जगायला नव्हतं. रेल्वे गावातून जात होती पण थांबत नव्हती. नदीतून जहाजं जात होती पण धक्क्याला लागत नव्हती. उरलेल्या जर्मनीशी संबंध म्हणजे डोंगरावरून लिम्बुर्गकडे जाणारे कच्चे रस्ते, त्यावरून घोडागाड्या. सतरा हजार माणसांना पीठ, कोळसा, टपाल सगळं तिकडून. मग चोरटा व्यापार भरभराटीला आला, आणि गावाने आपल्या तातडीच्या नोटाही छापल्या. शेवटी फ्रेंचांनी येऊन हा गळा भरून टाकला.

गावाच्या आतली खूण सहज नजरेतून सुटते. जुन्या तटावरून एक अरुंद, काही ठिकाणी छपराचा मार्ग जातो, आणि घरांची वरच्या मजल्यावरची दारं त्यावर उघडतात. मूळ काम पहाऱ्याचं. पण पुरात खालची गल्ली बुडाली की लोक याच मार्गाने घरोघर जात. खालचा दरवाजा कोरड्या दिवसांचा, वरचा पुराचा. नदीच्या बाजूचं असं नियोजन होतं, पण डोंगराने दगा दिला. १० मार्च १८७६ च्या रात्री गावामागचा उतार घसरला आणि दोन डझनांहून जास्त माणसं गाडली गेली.

तोच डोंगर पोटही भरत होता. इथला पाटीचा दगड पातळ फुटतो, आणि त्याची काळी-निळी कौलं सगळ्या खोऱ्यातल्या छपरांवर दिसतात. खाण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. उन्हात तापलेला हाच दगड रात्री द्राक्षांना ऊब देतो, म्हणून उभ्या उतारावर रीसलिंगचे मळे टिकून आहेत. यंत्र चालत नाही, मजुरी भारी, त्यामुळे बरेचसे ओसाडही पडलेत. तिसरा धंदा वाटाड्यांचा होता. बिंगेन ते सांक्ट गोआर या खडकाळ टप्प्यात परक्या कप्तानाबरोबर स्थानिक वाटाड्या चढे, आणि काउबला त्यांचं ठाणं होतं. रडार आणि मोठी इंजिनं आली, खडक फोडून वाट रुंद झाली, आणि १९८८ मध्ये वाटाड्यांचं काम संपलं.

जायचं असेल तर फ्रँकफुर्टहून वीसबाडेन, रुडेसहाइम करत कोब्लेंझकडे जाणारी आरबी १० ही पॅसेंजर काउबला थांबते. जर्मनीचं मासिक तिकीट तिच्यावर चालतं. हा उजव्या काठाचा रूळ मालगाड्यांचा आहे, रात्रभर धडधड असते. मुक्काम करायचा तर खोली डोंगराच्या बाजूची मागावी. पलीकडच्या बाखाराखला जायला पूल नाही. माइन्झ आणि कोब्लेंझ यांच्या मधे ऱ्हाइनवर एकही पूल नाही, सगळा कारभार फेरीबोटींचा. काउबची गाड्या नेणारी फेरीबोट पलीकडे उतरवते, तिथून बाखाराख रस्त्याने दोन-तीन किलोमीटर.

बेटावर जाणारी होडी वेगळी, छोटी. ती पुरातही बंद आणि पाणी फारच उतरलं तरी बंद, हिवाळ्यात किल्लाही बंद किंवा फक्त शनिवार-रविवारी उघडा. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी पातळी बघून घ्यावी. किल्ल्यात वीज नाही, शेगडी नाही, संडास नाही. पाणी पिऊन होडीत बसायच्या आधी गावातलं स्वच्छतागृह गाठावं. परतीची होडी कधी, तेही नावाड्याला उतरतानाच विचारून ठेवावं.